मोंबासा : किल्ला, गल्ली आणि घंटा

७ एप्रिल १४९८ रोजी, झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी, वास्को द गामाच्या जहाजांनी आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील मोंबासा बेटासमोर नांगर टाकले. लिस्बन सोडून त्यांना नऊ महिने झाले होते. त्या सफरीची जी रोजनिशी आज उपलब्ध आहे, तिच्या लेखकाने त्या रात्रीचा आनंद नोंदवून ठेवला आहे. या नगरात ख्रिस्ती लोक राहतात, असे त्यांना वाटेत कोणीतरी सांगितले होते. उद्या आपण किनाऱ्यावर उतरू आणि त्या अनोळखी धर्मबंधूंसमवेत मिस्सा ऐकू, या आशेवर ती थकलेली माणसे झोपी गेली.

ती मिस्सा झाली नाही. पुढे जवळजवळ शंभर वर्षांनी मोंबासात मिस्सा नियमाने होऊ लागली, तेव्हा ती तोफा रोखलेल्या किल्ल्याच्या आश्रयाने होऊ लागली. या दोन गोष्टींमधल्या अंतराने पाचशे वर्षांचा इतिहास व्यापला आहे. काही वर्षांपूर्वी मला या नगरात आठवडाभर राहण्याचा योग आला. किल्ला पाहावा, संग्रहालय पाहावे आणि परत फिरावे, एवढाच बेत होता. परंतु तेथील गल्ल्यांनी मला एक जुना आणि अवघड प्रश्न विचारला. प्रभूची सुवार्ता एखाद्या गावात पाहुणी म्हणून जाते, तेव्हा तिचे काय होते? आणि ती मालकीण म्हणून जाते, तेव्हा काय होते?

बेट आणि गल्ल्या

मोंबासा हे प्रवाळ खडकाचे बेट आहे. खाडीसारखे समुद्राचे दोन फाटे त्याला कवेत घेतात. पूर्वेकडच्या फाट्यावर जुने बंदर आहे, पश्चिमेकडे किलिंदिनीचे खोल आणि आधुनिक बंदर. पश्चिमेला भरावाचा रस्ता, उत्तरेला न्यालीचा पूल आणि दक्षिणेला लिकोनीची तर, यांनी बेट मुख्य भूमीशी जोडलेले आहे. स्वाहिली भाषेत या बेटाचे जुने नाव म्विता. 'विता' म्हणजे युद्ध. नावाच्या व्युत्पत्तीविषयी लोककथा अनेक आहेत, पण बेटाचा इतिहास वाचला की नाव सार्थ वाटते.

पोर्तुगीज येण्यापूर्वी येथे काही नव्हते, असे समजण्याचे कारण नाही. १३३१ मध्ये इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी येथे एक रात्र राहिला होता. येथील लोक धर्मशील आहेत, केळी आणि मासे हे त्यांचे मुख्य अन्न आहे, त्यांच्या मशिदी लाकडाच्या पण सुबक आहेत, मशिदीच्या दाराशी विहीर असते आणि पाय धुऊनच लोक आत जातात, असे त्याने लिहून ठेवले आहे. अरबस्तान, इराण, गुजरात आणि आफ्रिकेचा अंतर्भाग यांच्यातील व्यापारावर हे नगर उभे होते. वर्षाच्या अखेरीस ईशान्येचा वारा सुटे, त्याला स्वाहिलीत 'कास्काझी' म्हणतात. त्या वाऱ्यावर आपल्याकडची आणि अरबस्तानातली गलबते तेथे जात. एप्रिलनंतर नैर्ऋत्येचा 'कूसी' वाहू लागला की ती परत फिरत. आपण ज्या वाऱ्याची पावसासाठी वाट पाहतो, त्याच वाऱ्याने मोंबासाचा बाजार उघडे आणि मिटे.

जुन्या गावातील मुख्य रस्त्याचे नाव 'न्दिया कू', म्हणजे मोठा रस्ता. प्रत्यक्षात तो आपल्याकडच्या एखाद्या आळीएवढाच रुंद. दोन्ही बाजूंना प्रवाळ दगड आणि चुना यांच्या जाड भिंती, त्यांवर तिवराच्या वाशांचे माळवद, रस्त्यावर झुकलेल्या लाकडी गॅलऱ्या आणि कोरीव दरवाजे. आज उभी असलेली यांतील बरीचशी घरे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील किंवा त्यानंतरची. त्यांतील कित्येक हिंदी व्यापाऱ्यांनी बांधली. त्यामुळे एखाद्या गॅलरीच्या नक्षीपाशी गुजरातेतील जुन्या बाजारपेठेची आठवण होते. घराबाहेर भिंतीला लागून दगडी ओटा असतो, त्याला 'बराझा' म्हणतात. संध्याकाळी त्यावर वडीलधारी माणसे बसतात. कॉफीवाला पितळेचे भांडे घेऊन येतो, हातातले छोटे पेले एकमेकांवर वाजवून आपण आल्याची वर्दी देतो, आणि मग गावच्या गोष्टींना सुरुवात होते.

भाषेतही असाच मेळ आहे. दुकानाला 'दुका', गाडीला 'गारी', चपातीला 'चपाती' आणि कांदा-टोमॅटोच्या कचुंबराला 'कचुंबारी'. हे शब्द आपल्या किनाऱ्यावरून गेले. 'पाद्री' आणि 'ननासी', म्हणजे अननस, हे शब्द पोर्तुगिजांनी त्यांनाही दिले आणि आपल्यालाही. बाजारपेठेत स्त्रिया 'लेसो' विकत घेतात. हा रंगीत वस्त्रांचा जोड असतो आणि त्याच्या काठाशी स्वाहिली म्हण छापलेली असते. गोव्याच्या कोकणीत रुमालाला 'लेंस' म्हणतात. दोन्ही शब्दांचे मूळ पोर्तुगीज 'लेन्सु'.

पण या पोर्तुगीज शब्दांपैकी एकाने माझी झोप उडवली. तो शब्द मी शेवटी सांगणार आहे. त्याआधी त्यामागचा इतिहास सांगितला पाहिजे.

पवित्र आठवड्यातील पाहुणे

१४९८ च्या त्या पवित्र आठवड्यात मोंबासाच्या राजाने गामाकडे मेंढी, संत्री, लिंबे आणि ऊस अशी भेट पाठवली. गामाने आपली दोन माणसे किनाऱ्यावर धाडली. त्यांना नगरात हिंडवण्यात आले आणि दोन 'ख्रिस्ती' व्यापाऱ्यांच्या घरी नेण्यात आले. त्या व्यापाऱ्यांनी आपल्या पूजेतील एक कागद दाखवला. त्यावर पवित्र आत्म्याचे चित्र होते, असे रोजनिशी सांगते. अभ्यासकांचा तर्क असा की, ते व्यापारी हिंदुस्थानातून आलेले हिंदू असावेत आणि कागदावर एखाद्या पक्ष्याच्या रूपातील दैवत असावे. पक्षी दिसला, आणि मिस्सेसाठी आसुसलेल्या त्या माणसांना त्यात कबुतराच्या रूपातील पवित्र आत्मा दिसला. या चुकीला मला हसावेसे वाटत नाही. घरापासून दूर गेलेला माणूस परक्याच्या भिंतीवर आपला देव शोधतो.

दुःख आहे ते पुढच्या गोष्टीचे. त्याच आठवड्यात दगाफटक्याचा संशय येऊन गामाने जहाजावरील दोन मुसलमानांच्या अंगावर उकळते तेल टाकून त्यांची जबानी घेतली. रोजनिशीकाराने हेही काही न लपवता लिहिले आहे. ज्या दिवसांत ख्रिस्तसभा प्रभूच्या देहावरील जखमांचे स्मरण करते, त्या दिवसांत हे घडले. शुक्रवारी जहाजांनी नांगर उचलले, आणि ईस्टरच्या सुमारास ती मालिंदीला पोहोचली. तेथील राजाने त्यांचे स्वागत केले, कारण मालिंदी आणि मोंबासा यांचे वैर होते.

पुढची नोंद रक्ताची आणि राखेची आहे. १५०५ मध्ये फ्रान्सिस्को द आल्मेदा याने मोंबासा लुटून जाळले; तोच पुढे हिंदुस्थानात पहिला व्हाइसरॉय म्हणून कारभार करू लागला. १५२८-२९ मध्ये नूनो द कुन्हा याने ते पुन्हा जाळले. १५८९ मध्ये तुर्कांच्या मदतीचा आधार घेतलेल्या मोंबासावर गोव्याच्या आरमाराने तिसरा घाव घातला. त्यानंतर मालिंदीच्या राजघराण्याला आणून मोंबासाच्या गादीवर बसवण्यात आले, आणि येथे कायमचा किल्ला बांधण्याचे ठरले.

त्याचा आराखडा मिलानचा इटालियन स्थापत्यकार जोव्हान्नी बात्तिस्ता कैराती याने केला. पोर्तुगीज हिंदुस्थानातील तटबंद्यांचा तो प्रमुख अभियंता होता. ११ एप्रिल १५९३ रोजी किल्ल्याचे समर्पण झाले आणि त्याला प्रभू येशूचे नाव देण्यात आले. तो दिवसही झावळ्यांच्या रविवारचा होता. गाढवावर बसून नगरात शिरणाऱ्या राजाच्या सणाच्या दिवशी, त्याचेच नाव तोफांच्या बुरुजांना दिले गेले. त्या काळच्या माणसांना यात काही विसंगत वाटले नसेल. आज त्या दाराखालून जाताना मला ते वाटल्यावाचून राहिले नाही.

दों जेरोनिमु

किल्ल्याच्या सावलीत पोर्तुगिजांची वस्ती वाढली. न्दिया कूच्या जागी तेव्हा त्यांचा रस्ता होता. ते त्याला रापोझेरा म्हणत. आगुस्टिनियन संघाचे व्रतस्थ धर्मगुरू १५९७ मध्ये येथे आले आणि त्यांनी मठ उभारला. किल्ल्याच्या आतही एक चर्च होते. त्याचा पाया उत्खननात सापडला असून तो आज पाहता येतो.

मालिंदीचे राजघराणे पोर्तुगिजांचे मित्र होते, पण किल्ल्याचे कप्तान मित्रालाही नोकरासारखे वागवीत. सुलतान हसन याचा कप्तानाशी तंटा झाला. तो मुख्य भूमीवर पळून गेला, आणि १६१४ मध्ये पोर्तुगिजांच्या चिथावणीने तेथे त्याचा खून करण्यात आला. त्याचे शिर गोव्याला पाठवण्यात आले. त्याचा मुलगा युसूफ तेव्हा लहान होता. त्यालाही गोव्याला नेण्यात आले. आगुस्टिनियन धर्मगुरूंनी त्याला वाढवले, शिकवले, त्याला स्नानसंस्कार दिला आणि दों जेरोनिमु हे ख्रिस्ती नाव दिले. तो पोर्तुगीज आरमारातही लढला. पुढे तरुणपणी त्याला मोंबासाच्या गादीवर बसवण्यात आले. राजा ख्रिस्ती, प्रजा मुसलमान, आणि किल्ल्यात परकी कप्तान : अशी त्याची अवस्था होती.

तो रात्री वडिलांच्या थडग्याशी जाऊन मुसलमानी रीतीने प्रार्थना करतो, अशी वार्ता कप्तानाच्या कानी गेली. आपल्याला कैद करून गोव्याला पाठवण्याचा बेत आहे, हे राजालाही कळले. ऑगस्ट १६३१ मध्ये, स्वर्गोन्नयनाच्या सणाच्या दिवसांत, तो आपल्या माणसांसह किल्ल्यात शिरला आणि त्याने कप्तान पेद्रो लैतांव द गांबोआ याला ठार केले. मग ख्रिस्ती धर्माचा त्याग जाहीर करून त्याने नगरातील सर्व ख्रिस्ती लोकांपुढे पर्याय ठेवला : इस्लाम किंवा मृत्यू. आगुस्टिनियन धर्मगुरू मारले गेले. पोर्तुगीज पुरुष, स्त्रिया आणि मुले मारली गेली, आणि त्यांच्यासोबत आफ्रिकन ख्रिस्तीही. एकूण संख्या सुमारे तीनशे होती. वाचलेल्यांच्या शपथेवरील साक्षी पुढच्या वर्षी गोव्यात नोंदवण्यात आल्या. या रक्तसाक्षींना धन्य घोषित करावे, हा त्यामागील हेतू होता. ते काम पूर्णत्वास गेले नाही.

या प्रकरणी धर्मगुरूने काय म्हणावे? दोन्ही बाजूंनी सोपी उत्तरे मिळतात. एक म्हणते, तो विश्वासघातकी धर्मबुडवा होता. दुसरे म्हणते, तो स्वातंत्र्यवीर होता आणि मेलेले सारे साम्राज्याचे हस्तक होते. पहिले उत्तर सुलतान हसनचे शिर विसरते. दुसरे उत्तर त्या तीनशे माणसांना विसरते.

आफ्रिकन ख्रिस्ती लोकांचाच विचार करावा. त्यांतील काही पोर्तुगीज घरांत चाकरी करणारे होते. साम्राज्याने त्यांना ना जहागीर दिली होती, ना पद. 'मी ख्रिस्ती नाही' एवढे म्हणाले असते तर ते जगले असते, आणि पोर्तुगालच्या राजाला त्याचा पत्ताही लागला नसता. तरी त्यांनी ते म्हटले नाही. राजाचा एक नातलग, दों आंतोनियु, हाही त्याच मार्गाने गेला. त्याला तर राजाशी रक्ताचे नाते सांगून सुटता आले असते. बंदुकीच्या बळावर आलेल्या धर्मातही खरी श्रद्धा रुजू शकते, याचा यापेक्षा मोठा पुरावा मला माहीत नाही. तिच्या मुळाशी घातलेले पाणी कोणाचे होते, हे परमेश्वर जाणतो.

आणि युसूफ? वडिलांचा खून हा तीनशे निरपराधांच्या हत्येचा परवाना होऊ शकत नाही. पण मी जेव्हा एखाद्या बालकाच्या डोक्यावर स्नानसंस्काराचे पाणी ओततो, तेव्हा त्याचे आईबाप समोर उभे असतात. त्या मुलाच्या बापाचे शिर त्याच गोव्यात आणले गेले होते. ज्यांनी त्याला प्रार्थना शिकवली, त्यांच्यापैकी एकाने तरी 'तुझ्या बापावर अन्याय झाला' असे त्याला सांगितले असते, तर? कोणी तसे सांगितलेही असेल. राज्यकर्त्यांनी मात्र ते कधी कबूल केले नाही. ज्या संस्काराआधी कबुली आणि क्षमायाचना यायला हवी होती, तो संस्कार त्यांच्याशिवाय दिला गेला. माझ्या मते १६३१ ची ठिणगी येथे पडली.

जानेवारी १६३२ मध्ये गोव्याहून आलेल्या आरमाराला युसूफने परतवून लावले. त्यानंतर त्याने मोंबासा सोडले, काही वर्षे समुद्रावर चाचेगिरी केली आणि १६३८ मध्ये तांबड्या समुद्राच्या परिसरात त्याचा अंत झाला. पोर्तुगीज परत आले. किल्ल्याच्या दारावर कप्तान फ्रान्सिस्को द सैश काब्रैरा याचा शिलालेख आहे. त्यात त्याने आपले वय २७ असल्याचे सांगितले आहे आणि कोणकोणती गावे वश केली, कोणाला शासन केले याची यादी दिली आहे. मेलेल्या तीनशे जणांपैकी एकाचेही नाव त्या दगडावर नाही.

वसईचे जहाज

१३ मार्च १६९६ रोजी ओमानच्या अरबांनी किल्ल्याला वेढा घातला. तो १३ डिसेंबर १६९८ पर्यंत, तेहतीस महिने चालला. उपासमार आणि रोगराई यांनी आतली माणसे भराभर मेली. एक वेळ अशी आली की पोर्तुगीज अधिकाऱ्यांपैकी कोणी उरले नाही. तेव्हा किल्ल्याचे नेतृत्व कोणी केले? फाझा येथील दाऊद या मुसलमान राजपुत्राने. तो आणि त्याच्याबरोबरचे आफ्रिकन स्त्री-पुरुष यांनी येशूच्या नावाचा किल्ला मदत येईपर्यंत राखला. धर्माच्या नावाने आखलेल्या रेषा माणसे प्रसंगी किती सहज ओलांडतात, हे येथे दिसते.

सप्टेंबर १६९७ मध्ये मदत आली. तिच्यात 'सांतो आंतोनियु द ताना' नावाची युद्धनौका होती. 'ताना' म्हणजे आपले ठाणे. ही नौका १६८१ च्या सुमारास वसईत बांधली गेली होती. ऑक्टोबर १६९७ मध्ये ती किल्ल्यासमोरच निकामी होऊन बुडाली आणि पावणेतीनशे वर्षे गाळात पडून राहिली. १९७७ ते १९८० या काळात पाण्याखाली उत्खनन करून तिच्यातील वस्तू वर काढण्यात आल्या. त्यांतील कित्येक आज किल्ल्यातील संग्रहालयात मांडलेल्या आहेत : चिनी मातीची भांडी, मोठे रांजण, जहाजावरचे सामान.

त्या दालनात मी बराच वेळ थांबलो. नौकेचा सांगाडा सागाचा, आणि बांधणी वसईच्या गोदीतली. ज्या सुतारांनी तिच्या फळ्या जोडल्या, त्यांची नावे कोठेही नाहीत. पण त्यांचे वंशज आज आपल्या धर्मग्रामांत मिस्सेला बसत असतील, असे मनात आल्यावाचून राहिले नाही. वसईच्या माणसांनी घडवलेले जहाज, ठाण्याचे नाव आणि संत अंतोनीचा आशीर्वाद घेऊन, दुसऱ्याच्या गावातला किल्ला वाचवण्यासाठी गेले आणि तेथेच रुतले.

१७२८ मध्ये पोर्तुगीज एकदा परत आले, पण पुढच्याच वर्षी गावाने त्यांना हाकलून दिले. आणखी दहा वर्षांनी, १७३९ मध्ये, मराठ्यांनी वसई घेतली. वसईच्या किल्ल्यातील चर्चे ओसाड झाली, तरी आसपासच्या गावांतील श्रद्धा टिकली. मोंबासात ती टिकली नाही. आपल्याकडे ती शेतावर, बावखलांच्या काठी, लोकांच्या घरांत आणि गाण्यांत शिरली होती. मोंबासात ती फार करून किल्ल्याच्या आणि रापोझेरा रस्त्याच्या आतच राहिली.

आता तो शब्द सांगतो. एका संध्याकाळी न्दिया कूवरील एका बराझावर मी बसलो होतो. शेजारी एक वृद्ध मुसलमान गृहस्थ होते, निवृत्त शिक्षक. माझा झगा पाहून त्यांनी 'करिबू, पाद्री' असे स्वागत केले आणि कॉफी मागवली. बोलता बोलता त्यांनी किल्ल्याकडे बोट दाखवून विचारले, "स्वाहिलीत तुरुंगाला काय म्हणतात, ठाऊक आहे?" मला ठाऊक नव्हते. ते म्हणाले, "गेरेझा. हा तुमचाच शब्द आहे."

'गेरेझा' हा पोर्तुगीज 'इग्रेझा' या शब्दाचा अपभ्रंश. इग्रेझा म्हणजे चर्च, गोव्यातली आपली 'इगर्ज'. चर्च किल्ल्यात होते, म्हणून किल्ल्यालाच लोक गेरेझा म्हणू लागले. किल्ल्यात माणसे कोंडली जात. आणि १८९५ पासून १९५८ पर्यंत इंग्रजांनी त्याचा रीतसर तुरुंगच केला. आज केनियाच्या तुरुंग खात्याच्या नावातही हाच शब्द आहे. चर्चसाठी मात्र स्वाहिलीत 'कनिसा' म्हणतात, आणि तो अरबीतून आला आहे. मराठीतला 'तुरुंग' हा शब्दही पोर्तुगीज 'त्रोंकु'वरून आला, असे भाषातज्ज्ञ सांगतात. आपण त्यांच्याकडून तुरुंगासाठी तुरुंगाचाच शब्द घेतला. मोंबासाच्या लोकांनी चर्चचा घेतला.

त्या गृहस्थांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तरी त्या रात्री मला लवकर झोप लागली नाही. साक्षी, शिलालेख, रोजनिशा हे सारे राज्यकर्त्यांच्या लेखणीने लिहिले गेले. लोकांनी आपली साक्ष एका शब्दात ठेवून दिली.

शरणपूरची माणसे

दुसऱ्या दिवशी न्यालीचा पूल ओलांडून मी फ्रियरटाउनला गेलो. तेथे रस्त्याच्या कडेला कमानीत टांगलेली एक घंटा आहे. त्या भागालाच 'केंगेलेनी', म्हणजे घंटेचे ठिकाण, असे नाव पडले आहे.

या घंटेचा संबंध थेट नाशिकशी आहे. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश आरमार अरबी समुद्रात गुलामांची गलबते पकडी आणि सोडवलेल्या आफ्रिकन मुलांना मुंबईत उतरवी. त्यांतील कित्येकांना नाशिकजवळ शरणपूर येथे चर्च मिशनरी सोसायटीच्या आश्रमात ठेवण्यात आले. तेथे ती ख्रिस्ती झाली. सुतारकाम, लोहारकाम, लिहिणे-वाचणे शिकली. शरणपूरचे संस्थापक विल्यम सॉल्टर प्राइस १८७४ च्या अखेरीस मोंबासाला आले आणि त्यांनी मुक्त गुलामांची वसाहत उभारली. मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांनी १८७३ मध्ये झांजिबारचा गुलामांचा बाजार बंद करण्यासाठी वाटाघाटी केल्या होत्या. म्हणून वसाहतीला त्यांचे नाव मिळाले. ती उभारण्यात नाशिकला वाढलेल्या आफ्रिकन ख्रिस्ती मंडळींचा मोठा वाटा होता. 'बॉम्बे आफ्रिकन' या नावाने ते ओळखले जात.

त्यांच्यातले काही तर आधीच, १८६४ मध्ये, मोंबासाजवळच्या राबाई येथे जर्मन मिशनरी रेबमान यांच्या मदतीला आले होते : विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर, जॉर्ज डेव्हिड. जेकब वेनराइट हाही नाशिकचाच विद्यार्थी. डेव्हिड लिव्हिंगस्टनचे शव आफ्रिकेच्या अंतर्भागातून किनाऱ्यावर आणणाऱ्यांपैकी तो एक होता, आणि १८७४ मध्ये ते लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीपर्यंत पोहोचवायला तो सोबत गेला होता.

फ्रियरटाउनलाही दोष होते. तेथील गोऱ्या अधिकाऱ्यांकडून मारहाण होते, अशा तक्रारी झाल्या. त्या करणाऱ्यांत हे बॉम्बे आफ्रिकनच पुढे होते. राबाईला पळून आलेल्या गुलामांना आसरा मिळू लागला, तेव्हा मालक चिडले. अखेर १८८९ च्या प्रारंभी सुमारे १४०० जणांसाठी मालकांना भरपाई देऊन त्यांच्या हाती मुक्ततेचे कागद देण्यात आले.

ही माणसे आपल्या कॅथलिक संप्रदायाची नव्हती. पण मोंबासात सुवार्तेने दुसऱ्यांदा प्रवेश केला तो त्यांच्या पावलांनी, हे नाकारण्यात अर्थ नाही. ज्यांना साखळदंडात घालून या किनाऱ्यावरून नेले गेले होते, तीच माणसे मोकळ्या हातांनी परत आली आणि त्यांनी चर्च बांधले. त्या चर्चला तट नव्हता. गुलामांची गलबते दिसली की इशारा म्हणून ही घंटा वाजवीत, असे तेथे सांगतात.

रविवार

कॅथलिक मिशनचे पुनरागमनही तटाबाहेरच झाले. पवित्र आत्म्याच्या संघाचे धर्मगुरू एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मोंबासात स्थिरावले. १८९६ मध्ये युगांडा रेल्वेचे काम सुरू झाले, तेव्हा हिंदुस्थानातून हजारो मजूर आणि कारागीर आले. जकात आणि रेल्वेच्या कचेऱ्यांत गोवेकर कारकून आले, त्यांच्याबरोबर शिंपी आणि आचारी आले. त्यांची नावे जुन्या धर्मग्रामाच्या स्मृतीत अजून आहेत. मोंबासाचे धर्मप्रांत १९५५ मध्ये स्थापन झाले, आणि १९९० मध्ये ते महाधर्मप्रांत झाले. त्याचे कॅथेड्रल पवित्र आत्म्याला समर्पित आहे.

आठवड्याच्या शेवटी त्या कॅथेड्रलमध्ये सहार्पणासाठी मला बोलावण्यात आले. मिस्सा स्वाहिलीत होती. किनाऱ्यावरचे मिजिकेंदा, आतल्या प्रदेशातून कामासाठी आलेले कांबा आणि लुओ, आणि मागच्या एका बाकावर दोन-तीन वृद्ध गोवेकर. मला भाषा येत नव्हती, पण मिस्सेचा क्रम ओळखीचा होता. गायनवृंदाच्या ढोलकांवर ताल धरून स्त्रिया अर्पणाच्या टोपल्या घेऊन पुढे आल्या : केळी, नारळ, मक्याचे पीठ.

त्या क्षणी मला १४९८ च्या त्या खलाशांची आठवण झाली. पाचशे वर्षांपूर्वी याच बेटासमोर ते मिस्सेच्या आशेने झोपले होते, आणि एका अनोळखी घरातल्या कागदावर त्यांना पवित्र आत्मा दिसला होता. त्यांना हवी होती ती मिस्सा ही. या भूमीच्या माणसांनी आपल्या भाषेत वाहिलेली, आणि परदेशी धर्मगुरूला पाहुणा म्हणून एका बाजूला बसवलेली.

मिस्सेनंतर मी चालत जुन्या गावात परतलो. गामाच्या नावाने ओळखली जाणारी एक गल्ली आता मबारक हिनावी यांच्या नावाने ओळखली जाते. ते याच किनाऱ्याचे प्रशासक आणि इतिहासलेखक होते. त्याच गल्लीत १५७० पासूनची मंढ्री मशीद आहे. अजूनही तेथे लोक पाय धुऊन आत जात होते. बराझावर ते वृद्ध शिक्षक बसले होते. त्यांनी विचारले, "पाद्री, गेरेझातून आलात की कनिसातून?"

"कनिसातून," मी म्हणालो. ते हसले आणि त्यांनी कॉफीवाल्याला हाक मारली.